पाहणाऱ्यांचा इतिहास

फाळणीत लाहोर सीमेपलीकडे गेलं आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. शिवालिकच्या पायथ्याशी नवं शहर वसवायचं ठरलं. अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा काढला. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि पुढच्या वर्षी हे काम ल कोर्ब्युझिए यांच्याकडे आलं. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू त्यांच्या जोडीला होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते चंदीगडचं उद्घाटन झालं. पहिल्या टप्प्यात दीड लाख माणसांसाठी आखलेल्या या शहरात शाळा कुठे, बाजार कुठे, झाडं कोणती, हे सगळं कागदावर आधी ठरलं होतं. सिनेमागृहंही त्याला अपवाद नव्हती.

सेक्टर २२ हा वस्तीला सर्वांत आधी आलेल्या भागांपैकी एक. तिथलं ‘किरण’ सिनेमागृह फ्राय यांनी आखलं. शहराचा मध्य म्हणून ठरलेल्या सेक्टर १७ मध्ये ‘नीलम’ उभं राहिलं ते आदित्य प्रकाश यांच्या आराखड्यावर; १९६१ चं टागोर थिएटरही त्यांचंच. ‘जगत’ आणि ‘के. सी.’ ही आणखी दोन सिनेमागृहंही सेक्टर १७ मध्येच होती. जुन्या शहरांत थिएटर गल्लीबोळांत, मिळेल त्या जागेत शिरतं. इथे ते मोकळ्या, फक्त पायी फिरायच्या चौकाजवळ आलं. खेळ सुटला की माणसं थेट त्या प्रशस्त चौकात येत आणि सिनेमावर बोलत उभं राहायला जागा असे.

इमारती नव्या होत्या, पण त्यांत बसणारा प्रेक्षक नवा नव्हता. लाहोर, रावळपिंडी, लायलपूर सोडून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी इथे घर केलं. लाहोर हे मुंबई-कोलकात्याच्या खालोखाल सिनेमाचं शहर होतं. दलसुख पांचोलींचा ‘खजांची’ १९४१ मध्ये आणि ‘खानदान’ १९४२ मध्ये तिथूनच देशभर गाजला. नूरजहाँ, प्राण ही नावं तिथेच घडली. अशा शहरातून उठून आलेल्या माणसांनी सामानासोबत पाहण्याची सवयही आणली. पाहिलेल्या सिनेमावर ठाम मत ठेवण्याची खोडही तीच. ‘द ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राचा प्रवासही याच वाटेने झाला. १८८१ मध्ये लाहोरला सुरू झालेलं हे पत्र फाळणीनंतर सिमल्याला गेलं, मग अंबाल्याला, आणि १९६९ मध्ये चंदीगडला स्थिरावलं.

सिनेमाचा इतिहास आपण दिग्दर्शक, नट, संगीतकार आणि स्टुडिओ यांच्या नावांनी लिहितो. अशा पाहणाऱ्यांचा इतिहास मात्र कुणी सलग लिहिलेला नाही. वास्तविक भारतात सिनेमा करणाऱ्यांची पहिली शाळा प्रेक्षागृहातच भरली. ज्यांनी आधी नीट पाहिलं, पाहिलेलं टिपून ठेवलं, त्यावर वाद घातला, त्यांच्यापैकीच काहीजण पुढे कॅमेऱ्यामागे गेले. आणि जे गेले नाहीत, त्यांनी सिनेमाची स्मृती राखली.

लाहोरचंच उदाहरण घ्यावं. बलदेव राज चोप्रा इंग्रजी साहित्यात एम. ए. झालेला तरुण. ‘सिने हेराल्ड’ या मासिकात तो सिनेमावर लिहीत असे. चित्रपट बघायचा, त्याची कथा कुठे ढिली पडते, पात्रं कुठे खोटी वाटतात, हे कागदावर मांडायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. १९४७ मध्ये लाहोर सुटलं. आधी दिल्ली, मग मुंबई. १९५१ मध्ये ‘अफसाना’ आला आणि समीक्षक चोप्रा दिग्दर्शक बी. आर. चोप्रा झाले. १९५७ च्या ‘नया दौर’मध्ये टांगा आणि मोटार यांची शर्यत लावणाऱ्या या दिग्दर्शकाने कथेचा कणा ताठ ठेवण्याचा आग्रह कधी सोडला नाही. दुसऱ्यांच्या चित्रपटांतल्या चुका वर्षानुवर्षं नोंदवत आल्यावर तो आग्रह अंगात मुरतोच.

चंदीगड आज ज्या हरियाणाचीही राजधानी आहे, त्या हरियाणात पानिपत आहे. मराठी मनात हे नाव १७६१ च्या जखमेसाठी कोरलेलं आहे. त्याच पानिपतात १९१४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास जन्मले, उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली यांच्या घराण्यात. अलिगढला शिकून ते मुंबईला आले आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये पत्रकार झाले, तिथेच चित्रपट समीक्षक झाले. नट-नट्यांच्या कौतुकापलीकडे जाऊन सिनेमा समाजाविषयी काय सांगतो, हा प्रश्न त्यांनी वर्तमानपत्राच्या स्तंभात आणला. १९४१ चा ‘नया संसार’ त्यांच्या कथेवर निघाला, १९४६ मध्ये ‘धरती के लाल’ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. त्याच वर्षी व्ही. शांतारामांच्या राजकमलचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आला. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता तिथेच देह ठेवणाऱ्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची ही गोष्ट अब्बासांच्याच पुस्तकावर आधारलेली होती. पानिपतचा समीक्षक, सोलापूरचा डॉक्टर आणि कोल्हापूरचा दिग्दर्शक एका पडद्यावर एकत्र आले.

या परंपरेचा उगम शोधायचा तर मुंबईत यावं लागतं. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तिकीट एक रुपया. हा प्रकार पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, भारावून गेले. व्यवसायाने ते छायाचित्रकार. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं स्वागत फिल्मवर उतरवलं. पाहण्यापासून करण्यापर्यंतचं अंतर त्यांनी तीन वर्षांत कापलं.

त्याहून खोल पाहणं धुंडिराज गोविंद फाळक्यांचं. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या मनासमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहून ठेवलं. हे लेख १९१७-१८ मधले. दुसऱ्या दिवशी ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा त्याच खेळाला गेले. त्यानंतर मुंबईत लागेल तो चित्रपट पाहायचा, पाहिलेल्याची मनात फोड करायची आणि असंच काही इथे करता येईल का याचा विचार करायचा, हा क्रम दोन महिने चालला. करमणूक बाजूला राहिली होती. कारागीर दुसऱ्याच्या कामाचे सांधे तपासत होता. या सततच्या पाहण्याने त्यांच्या डोळ्यांवर ताण येऊन दृष्टी जायची वेळ आली. उपचारांनी ती वाचली.

१९१२ च्या आरंभी फाळके लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन संपादक केबर्न यांना भेटले. हे साप्ताहिक ते वाचत होते, म्हणून कचेरीची पाटी दिसताच आत शिरले. केबर्ननी आधी या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला, मग त्यांची जिद्द पाहून चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. भारतीय सिनेमाचा हा जनक आधी निष्ठावान प्रेक्षक आणि चित्रपटविषयक नियतकालिकाचा वाचक होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात क्वचितच येते.

पुढे सरकारलाही प्रेक्षकांचं मत हवं झालं. हेतू निर्मळ नव्हता. हिंदुस्थानात अमेरिकी चित्रपटांचा सुळसुळाट झाला होता, ब्रिटिश चित्रपटांना गिऱ्हाईक हवं होतं, आणि पडद्यावरच्या गोऱ्या बायका पाहून साम्राज्याचा वचक कमी होतो अशी धास्तीही होती. १९२७ मध्ये मद्रासचे वकील टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुंबई, कराची, लाहोर, पेशावर, दिल्ली, कोलकाता, मद्रास, रंगून अशी ती हिंडली आणि ३५३ जणांच्या साक्षी नोंदवल्या. त्यांत थिएटरवाले होते, शिक्षक होते, पोलीस अधिकारी होते, फाळकेही होते. कुठल्या वस्तीत काय चालतं, पिटातल्या प्रेक्षकाला काय रुचतं, बायका सिनेमाला येतात का, त्यांच्यासाठी वेगळी बैठक आहे का, असे प्रश्न विचारले गेले. १९२८ च्या अहवालाने साम्राज्याच्या मालाला सवलत देण्याची कल्पना मान्य केली नाही. अहवाल बासनात गेला, पण साक्षींचे खंड उरले. शंभर वर्षांपूर्वी या देशातला माणूस सिनेमाबद्दल काय बोलत होता, हे त्याच्याच शब्दांत वाचता येतं ते त्या खंडांमुळे.

समितीने महात्मा गांधींनाही प्रश्नावली पाठवली होती. आपण सिनेमा कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे उत्तर द्यायला पात्र नाही, असं त्यांनी कळवलं. पण न पाहताही त्याचं नुकसान उघड दिसतं, असंही जोडलं. सिनेमाबद्दलची गांधीजींची ही नापसंती अब्बासांना सलत होती. बारा वर्षांनी, १९३९ मध्ये, त्यांनी ‘फिल्मइंडिया’ मासिकात गांधीजींना खुलं पत्र लिहिलं: सिनेमात वाईट आहे तसं चांगलंही आहे, आपल्यासारख्या माणसाने त्याच्याकडे पाठ फिरवू नये. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटून गांधीजी जुहूला विश्रांती घेत असताना विजय भट्टांचा ‘रामराज्य’ त्यांना दाखवण्यात आला. शोभना समर्थांची सीता असलेल्या या चित्रपटाची मराठी आवृत्तीही निघाली होती.

ज्या ‘फिल्मइंडिया’त हे पत्र छापलं गेलं, त्याचा संपादक मराठी होता. पालघरजवळच्या मासवण गावचे बाबूराव पटेल. मासिक इंग्रजी, सुरुवात १९३५ ची. बाबूरावांची मतं धारदार असत, कित्येकदा ती मर्यादा सोडत आणि माणसांना दुखवत. हे मान्य करूनच त्यांचं काम मोजावं लागतं. त्यांच्या मासिकातलं प्रश्नोत्तरांचं सदर हा त्या काळातल्या प्रेक्षकांचा फड होता. कराचीचा विद्यार्थी, नागपूरचा कारकून, मद्रासची गृहिणी एकाच पानावर प्रश्न विचारत आणि संपादक त्यांना उत्तर देई. हिंदुस्थानी माणसाची हीन प्रतिमा रंगवणाऱ्या ‘द ड्रम’ आणि ‘गंगा दीन’ या चित्रपटांविरुद्ध १९३८-३९ मध्ये जो आवाज उठला, त्यात ‘फिल्मइंडिया’ आघाडीवर होतं. पडद्यावर आपल्याला कसं दाखवलं जातं हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे, ही जाणीव त्या आंदोलनाने रुजवली. पुढे हेच मासिक ‘मदर इंडिया’ झालं. सुशीलाराणी पटेल या गायिकेनेही त्याच्या लेखनात बरोबरीने भार उचलला.

सगळेच प्रेक्षक लिहीत नव्हते. पण न लिहिणाऱ्यांनाही मत होतं आणि ते व्यक्त करण्याची त्यांची रीत वेगळी होती. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. इकडे खेड्यापाड्यातून बैलगाड्या करून माणसं तो पाहायला येत, पडद्यावर विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा दिसताच हात जोडत. पंजाबात असंच काही १९६९ मध्ये ‘नानक नाम जहाज है’च्या वेळी घडलं. प्रेक्षक डोकं झाकून, पायताण काढून थिएटरात बसल्याच्या आठवणी तिथली जुनी माणसं सांगतात. देहूच्या आणि ननकानासाहिबच्या संतांनी पडद्यासमोरच्या अंधाराला सत्संगाचं रूप दिलं. या प्रेक्षकाला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. परंतु खोटेपणा त्याला चटकन कळे; भक्तिपट म्हणून आलेले शेकडो चित्रपट त्याने विसरून टाकले आणि तुकाराम जपून ठेवला.

महाराष्ट्रात या प्रेक्षकाकडे सिनेमा स्वतः चालत गेला. जत्रेच्या मैदानात तंबू लागत, ट्रकवर प्रोजेक्टर येई, कर्ण्यावरून पुकारा होई. तंबूत जमिनीवर बसून, एका बाजूला बायका आणि दुसरीकडे पुरुष, रात्री उशिरापर्यंत खेळ चालत. रीळ तुटलं की आरोळ्या, मारामारी आली की शिट्ट्या, आई मेली की हुंदके. मत जागच्या जागी मिळे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या टॉकीजच्या शेवटच्या वर्षांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली.

स्वातंत्र्यानंतर पाहण्याच्या सवयीला मोठा धक्का बसला तो १९५२ मध्ये. त्या वर्षी २४ जानेवारीला मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला, मग तो दिल्ली, कोलकाता आणि मद्रासला गेला. डे सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’, रोसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’, कुरोसावाचा ‘राशोमोन’ असं एकापाठोपाठ एक पाहायला मिळालं. हॉलीवूड आणि आपला सिनेमा एवढंच ज्यांना ठाऊक होतं, त्यांना थोड्या दिवसांत चार देशांचे चार तऱ्हेचे चित्रपट पाहता आले. रस्त्यावर, खऱ्या घरांत, नट नसलेल्या माणसांना घेऊन चित्रपट होतो, हे तिथे दिसलं. १९५३ च्या ‘दो बिघा जमीन’मध्ये बिमल रॉय बलराज साहनींना कोलकात्याच्या खऱ्या रस्त्यावर हातरिक्षा ओढायला लावतात, त्याचं मूळ या महोत्सवातल्या पाहण्यात आहे. सत्यजित राय यांनी हाच ‘बायसिकल थीव्हज’ १९५० मध्ये लंडनला पाहिला होता. कामानिमित्त काही महिने तिथे असताना त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले आणि परतीच्या जहाजावर ‘पथेर पांचाली’चा आराखडा मांडायला घेतला.

असं पाहणं चार भाग्यवंतांपुरतं राहू नये, म्हणून फिल्म सोसायट्या निघाल्या. राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये कोलकात्यात सुरुवात केली होती. १९५९ मध्ये कोलकाता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा आणि रुडकी इथल्या सोसायट्या एकत्र येऊन महासंघ झाला. अध्यक्ष राय. संयुक्त सचिवांपैकी एक दासगुप्ता, दुसऱ्या विजया मुळे.

विजयाबाईंचं नाव महाराष्ट्रात जेवढं घेतलं जायला हवं तेवढं जात नाही. मुंबईत १९२१ मध्ये जन्मलेल्या या बाई लग्नानंतर पाटण्याला गेल्या. शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला असताना त्यांना तिथल्या फिल्म सोसायटीची ओळख झाली आणि परतल्यावर पाटण्यात त्यांनी तीच रुजवात केली. पुढे केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात दिल्लीला आल्यावर तिथली सोसायटी उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९७४ ची ‘एक, अनेक और एकता’ ही अॅनिमेशन फिल्म त्यांचीच. दूरदर्शनवर ती पाहत एक पिढी मोठी झाली, पण ती कुणी केली हे त्या पिढीतल्या बहुतेकांना माहीत नसतं. नोकरी, संसार, चार शहरांतली बदली सांभाळत, चित्रपट पाहण्याचं शिक्षण लोकांना मिळावं म्हणून आयुष्य वेचणारी ही बाई या इतिहासातली फार मोठी व्यक्ती आहे.

सोसायटीचं काम चाले ते असं. वर्गणीदार सभासद. चित्रपटाची प्रिंट कुठल्यातरी वकिलातीकडून किंवा पुण्याच्या संग्रहालयाकडून यायची, बहुधा १६ मिलिमीटरची. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरमधून सूट असे, आणि काही मंडळी त्या सुटीच्या मोहानेच सभासद होत. ती टिकत नसत. बाकीचे टिकत. खेळाआधी चक्रमुद्रित टिपण हातात पडे, खेळानंतर चर्चा. शाळेतला मास्तर, बँकेतला कॅशियर, गिरणीतला कारकून उठून उभा राही आणि बर्गमनच्या एखाद्या दृश्याचा त्याला लागलेला अर्थ सांगे. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झालं. सुधीर नांदगावकरांनी दशकानुदशकं ते चालवलं आणि ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक काढून चर्चेला छापील रूप दिलं. नाशिकहून निघणाऱ्या ‘रसरंग’ने सिनेमाची आवड घराघरांत नेली होती, इसाक मुजावरांनी जुन्या काळाची माहिती हजारो वाचकांपर्यंत पोचवली होती. ‘रूपवाणी’ने त्यात चित्रभाषेचा विचार मिळवला. अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे १९८५ चं पुस्तक या मातीतलं. प्रकाश, चौकट, कॅमेऱ्याची हालचाल यांतून गुरुदत्त दुःख कसं रचतो हे मराठीत इतक्या बारकाईने आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या सगळ्या धाग्यांची गाठ पुण्यात बसते. प्रभात कंपनी कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्याला आली. ती बंद पडल्यावर तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. आग्र्यात अर्थशास्त्र शिकवता शिकवता फिल्म सोसायटी चालवणारे सतीश बहादूर इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवायला आले. ‘पथेर पांचाली’ ते एकेक शॉट सुटा करून दाखवत. त्यांनी आणि संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी मिळून रसास्वादाचे वर्ग भरवले, त्यांत देशभरातून शिक्षक, पत्रकार, डॉक्टर, विद्यार्थी आले आणि आपापल्या गावी परतून मंडळं चालवू लागले. कर्नाटकात हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासमने ‘राशोमोन’ आणि ‘बायसिकल थीव्हज’ शेतकऱ्यांना दाखवले, तेही या दोघांच्या साथीने.

नायर हा पाहणाऱ्यांचा मेरुमणी. १९३३ मध्ये तिरुवनंतपुरमला जन्मलेला हा माणूस पोरवयात सिनेमाच्या तिकिटांची अर्धुकं जपून ठेवी. संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर तो येणारी प्रत्येक फिल्म स्वतः पाही आणि अंधारात बसून वहीत टिपणं काढी. कोणत्या रिळात काय आहे, हे त्याला त्या वह्यांमुळे सांगता येई. नायर निवृत्त झाले तेव्हा, १९९१ मध्ये, संग्रहात सुमारे १२,००० चित्रपट जमले होते, त्यांतले ८,००० भारतीय. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन, उरलेली रिळं गोळा करून, ‘कालिया मर्दन’सारखा १९१९ चा चित्रपट त्यांनी पुन्हा पाहण्याजोगा केला. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा २०१२ चा माहितीपट त्यांच्यावरच आहे. ४ मार्च २०१६ रोजी नायर पुण्यात गेले.

एकपडदा थिएटरांचा काळ मात्र सरत गेला. १९८० च्या दशकात व्हिडिओ आला, १९९७ मध्ये दिल्लीत पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं, मग ही लाट पुण्या-मुंबईप्रमाणे चंदीगडलाही पोचली. सेक्टर १७ मधली जुनी गर्दी पांगली. आता तर सिनेमा हातातल्या फोनवर येतो. फिल्म सोसायट्यांना पूर्वी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करून मिळणारी फिल्म आज घरबसल्या दिसते, हे भाग्यच आहे. मतंही उदंड झाली आहेत. एका माणसाने आठवड्यात पाहिलेल्या पाच-सहा चित्रपटांवर पाच-सहा ओळी लिहिणं ही आज रोजची गोष्ट आहे. अशा लिखाणाला उथळ म्हणून हिणवण्याची घाई करू नये. फाळक्यांनी मुंबईत लागेल तो चित्रपट पाहिला तेव्हा त्यांची निवडही अशीच सरमिसळ होती. त्यांचं वेगळेपण इतकंच की ते एकाच चित्रपटाला पुन्हा गेले आणि पाहिलेलं तपासत राहिले.

या वारशाची एक बाजू मात्र दुर्लक्षित आहे. चित्रपट जपले पाहिजेत हे नायरांनी देशाला पटवलं. पाहणाऱ्यांची मतं जपायचं कुणाला सुचलेलं नाही. रंगाचारियार समितीच्या खंडांनंतर सामान्य प्रेक्षकाच्या शब्दांचा तेवढा मोठा साठा सरकारने पुन्हा केला नाही. सोसायट्यांची चक्रमुद्रित टिपणं, सभासदांच्या वह्या, ‘रसरंग’सारख्या नियतकालिकांचे जुने अंक, वाचकांची पत्रं, थिएटरच्या व्यवस्थापकांच्या नोंदवह्या, लाहोरहून आलेल्या कुटुंबांच्या आठवणी हे सगळं माळ्यांवर, रद्दीत आणि वयोवृद्धांच्या डोक्यात आहे. कागद कुसतो आणि माणसं जातात. पुण्याच्या संग्रहालयाने, प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी, पंजाब विद्यापीठासारख्या ठिकाणच्या ग्रंथालयांनी हे काम आता हाती घ्यावं: माणसांना भेटून बोलतं करावं, वह्या मागून घ्याव्यात, त्यांची सूची करून अभ्यासकांना खुल्या ठेवाव्यात. ‘नीलम’मध्ये १९६० च्या दशकात शुक्रवारी कोण बसत होतं आणि बाहेर येऊन काय बोलत होतं, हे सांगणारी पिढी अजून हयात आहे, तिच्याकडे जायला फार उशीर करून चालणार नाही.